उजवा कान

अल् घुब्रा, मस्कत
शनिवार, ८ एप्रिल २०१७

प्रिय स्नेहल,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन असताना आई कागद काळे करत बसलीय, हिला काय खूळ लागलं, असं म्हणशील. म्हण. फोनवर तू "हाय आई, ऑल गुड" म्हणतेस, मीही "ऑल गुड" म्हणते, आणि मग काय जेवलीस यावर आपण दोघी पाच मिनिटं काढतो. व्हॉट्सअॅपवर लिहावं, तर माझा फोन चार्ज करण्यापासून साफ करण्यापर्यंत सगळं बाबाच बघतात. म्हणून हा कागद. मराठीत आहे, तुला वेळ लागणार हे मला ठाऊक आहे. मोठ्यानं वाच, म्हणजे कळेल. एखादा शब्द अडला तर तिथंच बसून राहू नकोस, पुढं जा, मागचं आपोआप उलगडतं. पण अर्ध्यात सोडू नकोस, माझी शपथ आहे तुला.

मी विचारत नाही म्हणजे मला दिसत नाही, असं समजू नकोस. जानेवारीपासून तू बाबांशी बोललेली नाहीस आणि ते तुझ्याशी. तुझा फोन आला की ते टीव्हीचा आवाज बारीक करतात, कारण ऐकायचं असतं. मी "घ्या, बोला" म्हणून फोन पुढं केला की उठून बाथरूममध्ये जातात. तूही "बाबा कसे आहेत" असं मलाच विचारतेस, तेही फोन ठेवता ठेवता. दोघांच्याही नाकावर राग, आणि तो खाली कसा उतरवायचा ते दोघांनाही ठाऊक नाही. मधल्या मधे माझं सँडविच झालंय बाई.

इथं ऊन सुरू झालं. दुपारी खाली पार्किंगमध्ये चिटपाखरू नसतं. बाबा साइटवर, मी शाळेतून आलेली, एसीची घरघर चाललेली, आणि पडद्याच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा हळूहळू भिंतीवरून सरकत येतो. साडेतीनच्या सुमाराला तो त्याच्या चेहऱ्यावर पोचतो. कुणाच्या ते तुला सांगायला नको. बाबांनी जानेवारीतच त्याच्यावर टॉवेल टाकला होता, तो निळा, तुझा पोहायचा. मी रोज दुपारी टॉवेल काढायची आणि बाबा यायच्या आधी परत टाकायची. इतकी वर्षं ज्याच्यासमोर बसून मी भाजी निवडली, त्याला असं पोहून आल्यासारखं टॉवेलात बसवायचं, मला काही जमेना.

तो आपल्याकडं आला तेव्हा तू सहावीत होतीस. तुला आठवतंय का कासमचाचांचं गोडाऊन? रत्नागिरीचा माणूस, बंगल्यांच्या छताला जिप्समच्या वेलबुट्ट्या लावण्याचा धंदा, आणि बाबांचं त्यांच्याशी साइटवर रोजचंच काम. कुणा अर्बाबानं, म्हणजे इथल्या बड्या शेठनं, बागेसाठी पुतळे मागवले होते, त्यातलं एक मुंडकं मानेपाशी तडकलेलं निघालं म्हणून परत आलं. कासमचाचांनी बाबांना फोन केला, प्रेमानंदभाई, तुमचे बुद्ध माझ्या गोडाऊनमध्ये धूळ खात पडलेत, मला बघवत नाही, येऊन घेऊन जा. आपण तिघं गेलो. कुरळे केस, डोक्यावर बांधलेला केसांचा गोळा, शांत चेहरा. बाबांनी चपला काढल्या, तिथंच, त्या सिमेंटच्या धुळीत. मग गाडीत बुद्धांना पुढच्या सीटवर बसवलं, सीटबेल्ट लावला, आणि मला मागं तुझ्याशेजारी पाठवलं. घरी येईपर्यंत बाबांनी गाडी साठच्या वर नेली नाही. मागचे हॉर्न मारून मारून थकले.

त्याआधी आपल्याकडं नुसतं कॅलेंडरवरचं चित्र होतं. तो आल्यावर आपल्या हॉलमध्ये शुक्रवारची वंदना सुरू झाली. आपल्या मंडळींतले वडीलधारे म्हणून तानाजीकाकांनी स्वतः मापं घेऊन फळी ठोकून दिली. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, दारात चपलांचा ढीग, आणि तुम्ही पोरं मागच्या ओळीत इंग्रजीत कुजबुजायचा, पण "बुद्धं सरणं गच्छामि" आलं की सगळ्यांचा आवाज एक व्हायचा. मस्कतमध्ये आपलं म्हणावं असं काय होतं गं? भाड्याचा फ्लॅट, कंपनीचा व्हिसा. तेवढी एक फळी आपली होती. बाबा पौर्णिमेला खिरीचं पातेलं हातात घेऊन फिरायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघायची मी. साइटवर दिवसभर ओरडा खाणारा माणूस हा नव्हेच, असं वाटायचं.

आणि तू. तू त्याच्याखाली पाट टाकून अभ्यास करायचीस. दहावीत चित्रकलेच्या परीक्षेसाठी तू त्याचा चेहरा काढलास, चाळीस वेळा तरी खोडलास. नाकाचा उतार कपाळापासून सरळ येतो, मधे खाच नाही, असं का, म्हणून मला विचारलंस. मला काय कळतंय! नाक सरळ आहे कारण सरळ आहे, असं मी म्हणाले. आज वाटतं, तुझं ते अथेन्सला जाऊन जुन्या मूर्ती शिकणं तिथंच सुरू झालं होतं. आपल्याला वाटत होतं पोरगी भक्तीनं बघतेय, आणि तू नाक मोजत होतीस.

दुसरी आठवण सलालाहची. तू अकरावीत, आपण ते समुहरमचं जुनं बंदर बघायला गेलो होतो. खाली खाडीचं निळं पाणी, समुद्राच्या तोंडाशी वाळूचा बांध, वर पडक्या भिंती, आणि धुकं एवढं की बाबा दहा पावलं पुढं गेले की नाहीसे व्हायचे. तिथल्या माणसानं सांगितलं की लोबान न्यायला इथं जहाजं यायची, खोदताना भूमध्य समुद्राकडून आलेल्या दारूच्या घड्यांचे तुकडे सापडले आणि हिंदुस्तानातून आलेल्या स्वयंपाकाच्या भांड्यांचेही. तू एक खापरी उचललीस आणि त्यानं ती तुझ्याकडून गोड बोलून परत ठेवून घेतली. तुझं लक्ष घड्यांकडं होतं, माझं भांड्यांकडं. म्हटलं, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडची कुणीतरी बाई इथं चुलीपुढं बसली होती तर! नवऱ्याची नोकरी इथं, दुसरं काय. शेजारी कुणी यवन, म्हणजे तुझा ग्रीक, दारू पिऊन आपल्या गावाच्या आठवणी काढत असेल, आणि हिनं त्याला वाटीभर काहीतरी दिलं असेल, कारण माणूस उपाशी पितोय हे कुठल्याही बाईला बघवत नाही. अजूनही दुपारी डोळा लागला की मी त्या खाडीवर असते. धुक्यातून जहाज येतं, आणि पुढच्या टोकाला, सीटबेल्ट लावून, आपले हे बुद्ध बसलेले असतात. हसू नकोस. स्वप्न आहे, त्याला मी काय करू?

आता जानेवारीच्या त्या शुक्रवारचं. ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. तू सुट्टीला आली होतीस, वंदना झाली होती, चहा चालला होता. तू पोरांना फोनवर कसलासा फोटो दाखवत होतीस आणि हसत होतीस. तानाजीकाकांनी विचारलं, काय गं, आम्हालाही सांग की. आणि तू सांगितलंस. की हा बुद्ध नाहीच, हा अपोलो आहे, ग्रीकांचा देव, हे बघा सेम केस, सेम नाक, आपण अकरा वर्षं अपोलोला वंदना करतोय! तुझ्या मनात काही वाईट नव्हतं. तुला गंमत वाटली, आणि शिकलेलं काही घरात सापडलं याचा आनंद झाला. मी आई आहे, मला कळतं. पण मी तेव्हा तुझ्याकडं नाही, बाबांकडं बघत होते. त्यांच्या हातात बिस्किटांची बशी होती. ती तशीच हातात राहिली.

तुला आजोबा ठाऊक आहेत ते फोटोतले. बाबांना ठाऊक आहेत ते वेगळे. कामशेतला त्यांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले सगळे देव टोपलीत घातले, टाक, तसबिरी, सगळं, आणि इंद्रायणीत सोडून आले. नात्यागोत्यातल्यांनी भीती घातली, कोप होईल म्हणून. ते म्हणाले, आता कुठल्या देवापुढं वाकायचं नाही असं आम्ही ठरवलंय, शब्द दिलाय. त्या शब्दावर बाबा वाढले. आणि त्यांच्याच पोरानं एक देव सीटबेल्ट लावून घरात आणला! तू फोटो दाखवलास तेव्हा बाबांना अपोलो नाही दिसला गं, ती टोपली दिसली. त्यांनी मला हे नंतर सांगितलं, तेही तुटक तुटक. तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले की एवढं शिकवलं ते चार माणसांत मान खाली घालायला लावायला का. आणि तू म्हणालीस, इट्स जस्ट अ फॅक्ट, बाबा. दोघांचंही खरं, आणि दोघांनीही नको तेव्हा बोललेलं. विमानतळावर तू मला मिठी मारलीस आणि त्यांना "बाय" म्हणालीस. गाडीत परत येताना ते सिग्नलला हिरवा होऊनही थांबून राहिले.

तानाजीकाकांनी वाईट शब्द काढला नाही, हे मुद्दाम सांगते. माणूस कडक आहे, पण खवचट नाही. त्यांनी नागपूरहून छान मूर्ती मागवली आणि वंदना कुरुमला त्यांच्या घरी हलली. आम्हाला दर आठवड्याला निरोप येतो. बाबा म्हणतात, गुडघा दुखतोय. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून सोफ्यावर बसतात आणि गुडघा दुखतोय म्हणतात. दारात चपला नाहीत. मी चहा मात्र सवयीनं जास्त ठेवते आणि मग ओतून देते. मला रडू येतं कधी कधी, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत त्यांनी कासमचाचांना फोन केला, माल परत घेऊन जा, खलास. "माल" म्हणाले ते त्याला! कासमचाचा बिचारे खजील. सुरैयाचाची तर घरी येऊन माझा हात धरून बसली, म्हणाली, आमच्या ह्यांना चेहरा शांत दिसला म्हणून त्यांना वाटलं तुमचेच असणार, त्यात वाईट हेतू नव्हता नंदा. मी म्हटलं, चाची, आम्हाला तरी कुठं वेगळं वाटलं? आणि मग आम्ही दोघी एवढ्या हसलो की तिनं आणलेली सांदणं तशीच राहिली.

त्याच आठवड्यात तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज आला, रडवेल्या आवाजातला. मी तो तीनदा ऐकला. तू सांगत होतीस की पहिल्यांदा बुद्धाचा चेहराच नव्हता, नुसती पावलं, रिकामं आसन, बोधीचं झाड. मग गंधारात यवनांच्या हाताखाली शिकलेल्या कारागिरांनी चेहरा दिला, तेव्हा त्यांच्या हाताला जो सुंदर चेहरा ठाऊक होता तोच दिला, अपोलोचा. मथुरेवाल्यांनी आपला वेगळा घडवला, त्यावरून तुमच्यात अजून भांडणं आहेत म्हणे. असू देत. मी ते सगळं चहाच्या वेळी बाबांना सांगितलं, जसं कळलं तसं. आणि कार्ल्याच्या लेण्यांची आठवण दिली. लग्नानंतर आम्ही दोघं गेलो होतो, आत मूर्ती नाही, नुसता स्तूप, आणि बाबांनीच मला दाखवलं होतं की हे खांब यवनांनी दान दिलेत, तसं कोरलंय बघ. मी म्हटलं, अहो, ज्यांनी खांब दिला त्यांचा खांब चालतो, चेहरा दिला तर एवढं काय? आणि आपण बुद्धाला देव मानतच नाही ना? मग आपण अकरा वर्षं त्या प्लास्टरला काय मागितलं? काहीच नाही. पंचशील म्हटलं. ते वाया जातं का? बाबा चहा पिऊन कप धुवायला गेले. आपला कप धुताना तुझा जुना मग पण धुतला, स्वच्छच होता तरी.

दुसऱ्या दिवशी कासमचाचा पिकअप घेऊन आले, तर बाबा दारातच म्हणाले, आज नको. कधी न्यायचं, तेही सांगितलं नाही. आणि त्यानंतरच्या शुक्रवारपासून सुट्टीच्या दुपारी हॉलचं दार आतून बंद, आणि एरवी त्याच्यावर टॉवेलाऐवजी गच्च बांधलेली चादर, सोडायची नाही अशी मला ताकीद. मला वाटलं फोडतायत. आतून खरवडल्याचा आवाज, मग काहीच नाही, मग परत खरवडणं. माझा स्टीलचा मोठा वाडगा गायब. लादीवर पांढरी धूळ, सोफ्याच्या उशीवर पांढरी बोटं. मी विचारायची, काय चाललंय, तर म्हणायचे, काही नाही, ऑफिसचं. ऑफिसचं म्हणे! मी दाराला कान लावून उभी राहायची आणि एकदा ऐकलं तर ते बोलत होते, अगदी हळू. जिप्सम लवकर घट्ट होतं, घाई कर, घाई कर, असं स्वतःलाच सांगत होते.

काल दार उघडं होतं. त्यांनी विसरून ठेवलं की मुद्दाम, ते मी विचारणार नाही. साडेतीन वाजले होते, उन्हाचा पट्टा चेहऱ्यावर आलेला. स्नेहल, डोळे मिटत आले होते. ते उघडे, लांब कुठंतरी बघणारे डोळे होते ना, त्यांच्यावर बाबांनी जिप्समच्या पातळ पापण्या चढवल्यात, अर्ध्या मिटलेल्या. भुवयांच्या मधे बारीक टिंब. केसांना हात लावलेला नाही, तो गोळा तसाच आहे, ते नाकही तसंच सरळ. आणि डावा कान खाली मानेकडं लांब उतरलाय. बाबा पाठमोरेच म्हणाले, सिद्धार्थानं राजवाडा सोडला तेव्हा जड कुंडलं उतरवून ठेवली, पण पाळ्या ताणलेल्याच राहिल्या, त्या काही परत आखूड झाल्या नाहीत. मी जवळ जाऊन बघितलं. काम काही फार सुबक नाही. पापणी एक जाड झालीय, कान थोडा वाकडा आहे. पण मी तिथंच खाली बसले आणि मला उठवेना. अपोलो कुठं गेला आणि हे कधी आले, मला काही सांगता यायचं नाही. तानाजीकाकांना पटेल न पटेल, ते मी बघून घेईन.

उजवा कान मात्र तसाच आहे, आखूड, केसांत अर्धा लपलेला. मी विचारलं, हा कधी करणार? तर म्हणाले, जिप्सम संपलं. स्नेहल, जिप्समची पाऊण गोणी तुझ्या पलंगाखाली आहे, मी आज सकाळी झाडताना बघितली, वर तुझी जुनी ओढणी झाकलीय. थोड्या वेळानं पेपर वाचता वाचता, माझ्याकडं न बघता म्हणाले की कान नक्की कुठं संपतो ते तिला ठाऊक असेल, तिनं शिकलंय. बस, एवढंच. ते फोन करणार नाहीत, मी सत्तावीस वर्षं ओळखते त्यांना. आणि तूही करणार नाहीस, तुला बावीस वर्षं ओळखते. म्हणून हे पत्र. बुद्धपौर्णिमा दहा मेला आहे. परीक्षेचं बघ, तिकिटाचं बघ, आणि ये. त्यांना काही सांगू नकोस, माफी मागू नकोस, समजवायला तर मुळीच जाऊ नकोस. नुसती त्यांच्याशेजारी जाऊन बस. वाडगा मी घासून ठेवते. आणि हो, नखं कापून ये, जिप्सम नखात गेलं की चार दिवस निघत नाही.

खीर तुझ्या वाटणीची धरून करणारी,
तुझीच आई